हात सोडा, मग विचारा

घरात आवाज असलेली ती एकटीच, म्हणून गल्लीनं तिचं नाव बोलकी ठेवलं. आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. वडील छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे, आई घरी कपडे शिवायची, आणि दाराशी कुणीही आलं की परकराला हात पुसत पुढे व्हायची ती बोलकी. दूधवाल्याशी हुज्जत तिनंच घालायची, डॉक्टरांना आईचं दुखणं तिनंच सांगायचं, आणि शाळेत आपल्याच खोड्यांबद्दल बाईंनी केलेली तक्रार आईवडिलांना खुणांनी तिनंच कळवायची. या शेवटच्या कामात ती थोडी काटछाट करत असे, हे उघड आहे.

पण एकदा ही काटछाट अंगाशी आली. घरमालक दारात उभा राहून वडिलांना भलतंसलतं बोलला. ‘मुक्या’पासून सुरुवात करून तो बराच खाली घसरला. बोलकीनं खुणा केल्या त्या एवढ्याच, की काका म्हणतात, शिवणयंत्राचा आवाज जरा कमी करा. वडिलांनी एकदा मालकाच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. ‘एवढं लालेलाल तोंड करून माणूस एवढंच बोलतो?’ त्यांनी विचारलं. मग तिला सगळं सांगावं लागलं. शब्दन् शब्द. सांगून झाल्यावर ती रडली, वडील रडले नाहीत. ते म्हणाले, ‘माझा अपमान माझा आहे. तो तू वाटेत खाऊन टाकू नकोस.’

आणि त्यांनी मालकाला उत्तर दिलं, तेही तिच्याच तोंडून. ‘बाबा असं म्हणतात’ हे शेपूट त्यांना नको होतं. मी बोलतोय तर ‘मी’ म्हण, असा त्यांचा हुकूम. तेव्हा फ्रॉक घातलेली ती एवढीशी पोर मालकाला खणखणीत आवाजात म्हणाली, “मी तुमचा भाडेकरू आहे, नोकर नाही. माझ्याशी नीट बोलायचं.” मालकाला हसावं की चिडावं कळेना. तो निघून गेला.

पुढे हाच तिचा पेशा झाला. सकाळी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायचं, आणि कोर्टातून, दवाखान्यातून, सरकारी कचेरीतून बोलावणं आलं की दुभाषी म्हणून जायचं. दुभाष्यांच्या सरकारी यादीत तिचं नाव होतं. लग्न झालं, मुलगा परगावी नोकरीला लागला, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरू लागले. तिनं कुणाचंही बोलणं कमी केलं नाही की त्यात भर घातली नाही. त्यामुळे तिला बोलावणारे सगळेच तिच्यावर खूश असत असं नाही.

त्या दिवशी दुपारी शाळेत फोन आला तो पोलीस ठाण्यातून. “मॅडम, लगेच या. एक मुका धरलाय. पोरीचा मामला आहे.”

पोरीचा मामला सगळ्या शहराला माहीत झाला होता. बाजारामागच्या वस्तीतली छोटी आदल्या दुपारी खेळायला बाहेर पडली ती परत आलीच नाही. बोलकी ठाण्यात पोचली तेव्हा छोटीची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. हातात पोरीची एकच चप्पल. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बोलकीला पाहून ती उठली. “ताई, त्याला विचारा हो. काहीही करा, पण वदवून घ्या.”

“विचारते,” बोलकी म्हणाली आणि आत गेली.

ठाण्याचे साहेब खुर्चीत बसले नव्हते, येरझाऱ्या घालत होते. डोळे तारवटलेले, शर्ट कालचाच. कामचुकार माणूस नव्हता तो. रात्रभर पोरीला शोधत फिरला होता. “बरं झालं आलात,” ते म्हणाले. “यानं कबूल केलंय. पोरीला जुन्या खाणीत टाकली. सकाळपासून माझी माणसं खाणीच्या पाण्यात उतरलीत, हाती काही लागत नाही. नेमकी कुठल्या बाजूला टाकली, एवढंच विचारा.”

कोपऱ्यात स्टुलावर इस्त्रीवाला बसला होता. बोलकी त्याला ओळखत होती. बाजाराच्या नाक्यावर हातगाडीवर इस्त्री करणारा, पस्तिशीचा, अंगानं किडकिडीत. बहिऱ्या लोकांच्या मंडळात त्याला हाक मारायची खूण म्हणजे इस्त्री फिरवणारा हात. आता ते हात पाठीमागे बांधलेले होते, आणि त्याच्या मागे एक दांडगा शिपाई उभा होता. ठाण्यात सगळे त्याला पैलवान म्हणत.

“कबूल केलं म्हणजे कसं?” बोलकीनं विचारलं.

“मान डोलावली. चार जणांसमोर. पोरीचा फोटो दाखवला, मान डोलावली. खाणीकडे बोट दाखवलं, मान डोलावली. तू टाकलीस का म्हणून ओरडून विचारलं, तेव्हा तर दोनदा.”

बोलकीला ती मान ठाऊक होती. तिचे वडील आयुष्यभर तशी मान डोलवत आले होते, दवाखान्यात, बँकेत, बसमध्ये. ऐकणारा माणूस चिडून तोंड हलवायला लागला, की बहिरा माणूस मान डोलावतो. म्हणजे समोरचा शांत होतो आणि निघून जातो. या सवयीपायी तिच्या वडिलांनी एकदा चांगला दात उपटून घेतला होता.

“साहेब, तुम्ही काल विचारलंत तसंच आता परत विचारा,” ती म्हणाली. “फक्त प्रश्न बदला. या ठाण्याचा साहेब तूच का, असं विचारा.”

“ही काय थट्टेची वेळ आहे?”

पण पैलवानाला राहवलं नाही. तो पुढे आला आणि इस्त्रीवाल्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन गरजला, “काय रे, तूच का इथला साहेब?”

इस्त्रीवाल्यानं घाईघाईनं मान डोलावली. दोनदा.

दारातल्या हवालदार बाईंच्या तोंडून फुसकन हसू निघालं आणि त्यांनी ते खोकल्यात बुडवलं. साहेबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. “ढोंगी आहे तो,” ते म्हणाले. “एवढा साळसूद असता तर काल संध्याकाळी पोरीबद्दल त्याला कसं कळलं? आम्ही पोरीचं नाव बाहेर फोडायच्या आधी हा स्वतः इथं आला होता. हातवारे करत, माकडासारखा नाचत.”

“स्वतः आला होता?” बोलकी एकदम म्हणाली. “मग हात कोणी बांधले?”

“मी,” पैलवान म्हणाला. “आवरेचना. फार हलवत होता.”

बोलकीनं पर्स टेबलावर ठेवली. “साहेब, माणूस सांगायला आला आणि तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलात. कालपासून त्याला विचारताय, बोल म्हणून. आधी हात सोडा.”

“पळाला तर?”

“या पैलवानांच्या हातून? मग तुमचं अवघड आहे.”

हात सोडले. उजवा हात पुढे आला. चार बोटं काळीनिळी, फुगलेली. मधलं बोट नको तिकडे वळलेलं. इस्त्रीचे जुने चटके तिनं त्या हातावर पाहिले होते. हे चटके नव्हते.

“हे काय आहे?”

“मॅडम,” साहेब जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही आई आहात. बाहेर एक आई बसलीय. एका बाजूला सात वर्षांची पोर, दुसऱ्या बाजूला या माणसाची बोटं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? माझ्याजवळ वेळ नव्हता.”

“वेळ नव्हता म्हणून काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत वाया घालवलात.” बोलकीचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, तिला हळू बोलायची सवयच नव्हती. “डॉक्टरांना बोलवा. ते येईपर्यंत मी विचारते. पण हे पैलवान बाहेर जातील. याच्या पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही. मागून काय येतंय हे याला ऐकू येत नाही, तो सारखा मान वळवत राहील. तुम्ही समोर बसा, उजेडात. आणि तुमच्या तोंडून जे जाईल ते सगळं मी त्याला सांगणार, शिव्यांसकट. तेवढं सांभाळून बोला.”

“अटी घालताय?”

“हो. नसतील चालत तर दुसरा दुभाषी बघा. जिल्ह्यात अजून एक आहेत, त्यांची परवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालीय.”

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हवालदार बाईंनी नजर जमिनीकडे वळवली. मग ते खुर्ची ओढून बसले. “पैलवान, बाहेर हो.”

बोलकी इस्त्रीवाल्यासमोर स्टुलावर बसली. आधी तिनं आपलं नाव सांगितलं, मग पाणी दिलं. ग्लास त्यानं डाव्या हातानं धरला. पाणी प्यायल्यावर तो डाव्या हातानं बोलू लागला. एका हाताची बोली तोतरी वाटते, तरी तिला कळत होती, आणि ती त्याच्याबरोबर बोलू लागली.

“मी गाडीवर काम करत होतो. मागे फर्निचरवाल्याचा टेम्पो उभा होता. छोटी मांजराच्या मागे धावत आली. मांजर टेम्पोत शिरलं. त्याच्या मागे तीही. मी तिला चढताना पाहिलं...”

दारातून पैलवानानं डोकं आत घातलं. “तुम्ही पाहिलंत? मग काल का नाही आलात?”

“अरे बाबा, मी नाही, ते बोलताहेत!” बोलकी म्हणाली. “मी त्यांचं तोंड आहे. दार लावून घे.”

पुढची हकिकत सरळ होती. ड्रायव्हरनं मागचं दार लावलं, टेम्पो सुरू केला. इस्त्रीवाला इस्त्री तशीच टाकून मागे धावला, दोन्ही हात उंच करून. ड्रायव्हरला आरशात तो दिसला. त्याला वाटलं असावं हा निरोप देतोय, म्हणून त्यानंही हात हलवला आणि तो निघून गेला. टेम्पोवर हिरव्या पलंगाचं चित्र होतं. इस्त्रीवाल्याला वाचता येत नव्हतं, पण चित्र नीट लक्षात होतं. तो तडक ठाण्यात आला आणि मुलगी, मांजर, गाडी, पलंग अशा खुणा करत राहिला.

‘मुलगी’ आणि ‘पलंग’ एवढंच साहेबांना कळलं होतं. बाकीचं त्यांनी स्वतःच जुळवलं होतं.

हिरव्या पलंगाचं दुकान शोधायला फार वेळ लागला नाही. टेम्पोतला माल शेजारच्या गावातल्या गोदामात उतरवून ठेवला होता, आणि आठवड्याच्या सुट्टीमुळे गोदामाला कुलूप होतं. संध्याकाळी उजेड होता तोवरच छोटी सापडली. कोऱ्या सोफ्यावर झोपलेली, अंगात ताप, गोदामातल्या नळाचं पाणी पिऊन राहिलेली, कुशीत मांजर. माल उतरवताना हमाल ओरडत होते तेव्हा ती लपून बसली होती, रागावतील म्हणून. मग कुलूप लागलं, आणि तिचा आवाज आतल्या आतच राहिला.

ठाण्यात पेढे वाटावेत तसा आनंद पसरला. छोटीची आई बोलकीच्या गळ्यात पडली. साहेबांनी डोळे पुसले, आणि ते खरे अश्रू होते. इस्त्रीवाल्याच्या हाताला प्लास्टर घालून त्याला परत आणून बसवलं होतं. जायला निघालेल्या बोलकीला साहेब कोपऱ्यात घेऊन गेले.

“ताई,” आता मॅडमची ताई झाली होती, “उद्या सकाळी वरचे साहेब येताहेत. पेपरवाले, टीव्हीवाले. तुमचाही सत्कार करू. त्या हाताचं एवढं बघा. इस्त्रीच्या गाडीवर लागलं म्हणा. त्याचा उपचार मी करतो, नवी गाडी देतो. सगळं गोड झालंय, त्यात आता खडा कशाला?”

“मला कशाला सांगताय? त्यांना विचारा, मी इथं आहेच.” आणि तिनं हे सगळं, ‘खडा’सुद्धा, इस्त्रीवाल्याला खुणांनी सांगितलं.

इस्त्रीवाल्यानं प्लास्टरकडे पाहिलं. मग त्यानं मान डोलावली.

साहेब हसले. “बघा!”

“ही ती मान आहे,” बोलकी म्हणाली. “मी ही मान धरत नाही.”

घरी नवरा वाट पाहत होता. वीज मंडळातून निवृत्त झालेला, भांडणापासून चार हात दूर राहणारा भला माणूस. सगळं ऐकून त्यानं डोक्याला हात लावला. “अगं, पोरगी मिळाली ना? तो गरीब माणूस नव्या गाडीवर खूश आहे. ठाण्याशी वैर घेऊन उद्या तोच राहणार आहे नाक्यावर, तू नाही. आणि तुझं नाव यादीतून काढलं तर?”

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला लागलं. माणूस उद्या नाक्यावर एकटा उभा राहणार होता. बोलकी सांगून मोकळी होणार आणि घरी येऊन चहा पिणार. तिनं पोळ्या लाटताना हे सगळीकडून उलटसुलट केलं.

आता त्यांच्याकडेच राहणारी बोलकीची आई भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीची, पण नजर तिखट. दोघांची तोंडं कशावरून तरी चढलीत हे तिनं ओळखलं. तिनं विचारलं, बोलकीनं सांगितलं.

आईनं आपले सुरकुतलेले हात वर केले. ‘तुझ्या वेळी दवाखान्यात माझे दोन्ही हात पलंगाला बांधले होते. सलाईनची सुई निघेल म्हणून. मी दोन दिवस मुकी होते. एरवी मी कधीच मुकी नव्हते.’ मग थोडं थांबून, ‘त्याला काय हवंय, ते त्याला विचारलं का कुणी? तुम्ही दोघं का ठरवताय?’

नवरा म्हणाला, “काय म्हणतात आई?”

“म्हणतात, तुम्ही आणि मी गप्प बसा.”

सकाळी बोलकी ठाण्यात जाण्याआधी इस्त्रीवाल्याच्या खोलीवर गेली. कुणी बघत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. त्याची बायको, तीही बहिरी, प्लास्टरवरून ओढणी बांधून देत होती. बोलकीनं दोन्ही बाजू त्याच्यापुढे मांडल्या, नवऱ्याचं म्हणणंसुद्धा. नव्या गाडीचंही सांगितलं. तू बोललास तर त्रास होऊ शकतो, मी रोज पुरी पडणार नाही, हेही लपवलं नाही. डाव्या हातानं त्यानं एवढंच म्हटलं, ‘कुणी विचारलं तर सांगेन. विचारणार आहेत का?’

विचारणार कोण? समारंभ ठाण्यातच झाला, ठरल्यासारखा. हार, कॅमेरे, नवा फ्रॉक घातलेली छोटी. वरच्या साहेबांनी इस्त्रीवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि भाषण केलं. मग बोलकीकडे वळून ते मोठ्या मनानं म्हणाले, “त्यांना आमचे आभार सांगा. आणि विचारा, आमच्याकडून काही हवंय का? काही तक्रार?”

हे रीतीचं विचारणं होतं. ठाण्याचे साहेब बोलकीकडे टक लावून पाहत होते. बोलकीनं प्रश्न जसाच्या तसा दिला.

इस्त्रीवाल्याची मान डोलायला लागली. अर्ध्यात थांबली. त्यानं डावा हात वर केला.

आणि पांढऱ्या केसांची बोलकी, कॅमेऱ्यांसमोर, त्या मोठ्या आवाजात म्हणाली, “हो, आहे. मी पोरगी गाडीत गेली हे सांगायला आलो होतो. मला आतल्या खोलीत नेलं. माझा हात टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला. पैलवानानं लावला. साहेब उभे होते. मला काय विचारताहेत ते कळत नव्हतं. मी मान डोलावली की थांबायचे, म्हणून मी डोलावत गेलो.”

कॅमेरेवाले दोन पावलं पुढे सरकले.

“बाई,” वरचे साहेब म्हणाले, “तुम्हाला हे बोलायला कोणी...”

“मी नाही साहेब. हे बोलताहेत.”

“मनाचं सांगतेय ती!” ठाण्याचे साहेब पुढे आले. “त्या हातवाऱ्यांतलं कुणाला काय कळतं? तिला यातून नाव कमवायचंय!”

बोलकीनं हेही खुणांनी इस्त्रीवाल्याला सांगितलं. तो उठला. हार काढून त्यानं खुर्चीवर ठेवला, आतल्या खोलीकडे चालत गेला, आणि कॅमेरेवाले त्याच्या मागोमाग. त्यानं टेबलाचा वरचा खण डाव्या हातानं ओढला, प्लास्टर घातलेला हात काठावर ठेवला, आणि पैलवानाकडे पाहून त्याला जवळ बोलावलं. ये, लाव, अशी ती खूण होती. त्यासाठी कुणालाही दुभाषी लागला नाही. छोटीच्या बापानं पोरीचे डोळे झाकले.

चौकशी बसली. महिन्याभरानं बोलकीची साक्ष झाली, आणि चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई सभ्य होत्या, हुशार होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तोवर यादीतून नाव वगळल्याचं बोलकीला तोंडी कळवण्यात आलं होतं. शाळेची नोकरी तेवढी शाबूत होती. इस्त्रीवाला तिच्या शेजारीच बसला होता. मधलं बोट काही सरळ झालं नव्हतं, आणि नाक्यावरून त्याची गाडी दोनदा उचलून नेली होती. दोन्ही वेळा छोटीची आई ठाण्यात जाऊन ओरडून ती सोडवून घेऊन आली होती.

“एक सांगा,” चौकशीच्या बाई म्हणाल्या. “तुमचं नशीब, हा माणूस निर्दोष निघाला. समजा नसता. समजा पोर खरंच कुठे तरी बुडत होती आणि ठिकाण यालाच माहीत होतं. तरीही तुम्ही आधी हात सोडा, डॉक्टर बोलवा, असंच म्हणत बसला असता?”

बोलकीनं हा प्रश्न इस्त्रीवाल्याला दिला. तो तिच्याकडे बघत राहिला. प्रश्न तिला होता.

“हो,” ती म्हणाली आणि बोलता बोलता हातांनी त्यालाही सांगत राहिली. “यानं खून केला असता तरी मी हेच म्हटलं असतं. हा निर्दोष निघाला म्हणून तुम्ही मला आत बसवलंय, चहा दिलाय. दोषी निघाला असता तर तुम्ही मला दारातूनच परत पाठवलं असतं, आणि तेव्हाही माझं म्हणणं एवढंच बरोबर असतं. ज्याचा हात खणात आहे तो खण उघडण्यासाठी बोलतो. पोरीसाठी नाही, तुमच्यासाठी नाही. आणि तो काहीही बोलला, अगदी खरं बोलला, तरी त्याचा हात खणात घालायचा हक्क तुम्हाला मिळत नाही.”

“हे मत झालं. साक्षीत मत लिहीत नाहीत.”

“तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. विचारलंत ते लिहा, सांगितलं ते लिहा.”

“नाही लिहिलं तर?”

“मग मी सही करणार नाही. आणि हे इथंच बसतील, मीही बसेन. मला आता दुसरीकडून बोलावणं येत नाही, वेळ भरपूर आहे.”

इस्त्रीवाल्यानं खुर्ची ओढून टेबलाजवळ घेतली. चौकशीच्या बाईंनी दोघांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पेन उचललं.

“सांगा. ते उत्तर परत, सुरुवातीपासून.”

“सावकाश लिहा,” बोलकी म्हणाली. “लिहून झालं की मोठ्यानं वाचा. ह्यांना सांगायचंय.”